आजीची आजी कोण?

बालमित्रांनो, तुमच्या पणजोबांचं नाव सांगा बरं! काही जण पटकन सांगतील. आणि पणजीचं? डोकं खाजवताय ना? तिचं माहेरचं आडनाव तर विचारायलाच नको!

आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना मी घरची वंशावळ लिहून आणायला सांगितली. एका मुलाने थेट सहा पिढ्या आणल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, याच्यात आज्या कुठी हायेत?’’ मी कागद पुन्हा पाहिला. सहा पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं! घरी येऊन माझी वंशावळ लिहायला बसलो, तर आईच्या आजीपाशी माझंही पेन अडलं.

मग सुट्टीत मी वंशावळ शोधायला शिकवणारी एक ऑनलाइन कार्यशाळा केली. रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन माळवदावर बसायचं, कारण खाली रेंज नाही! पहिला धडा असा, की कागद नंतर, आधी माणसं. कागद पेटीत राहतो. म्हातारी माणसं कायमची राहत नाहीत.

आजीला जन्माचा सन विचारला तर ती हसेल. त्यापेक्षा विचारा, ‘‘१९७२ च्या दुष्काळात तू केवढी होतीस?’’ ‘‘१९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा बाबा कितवीत होते?’’ की गोष्टींमागून गोष्टी निघतात आणि सनही सापडतो.

मग कागदांकडे वळायचं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचं नाव आणि जन्मतारीख मिळू शकते. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. शेतीचा मालक वारला की वारसांची नावं फेरफारात चढतात. तिथे कधी कधी मुलींची नावंही भेटतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गाव, आडनाव आणि पिढ्यांसह नोंद असते. मात्र जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. अक्षरं मराठीचीच, पण वळणं अशी, की वाटतं मुंग्यांची रांग चालली! पण मोडी शिकता येते.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या. वडील लखुजी जाधव, हे सगळ्यांना पाठ. आणि आई? म्हाळसाबाई! चारशे वर्षांपूर्वीच्या त्या आईचं नाव आपल्याला ठाऊक आहे. मग आपल्या आजीच्या आईचं का नसावं?

तुम्ही मात्र नशीबवान हं! १ मे २०१४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये घेतला. तुमची नातवंडं वंशावळ काढतील, तेव्हा त्यांचं पेन अडणार नाही.

आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी? ती वही घेऊन आजीपुढे बसली. आजी आधी गप्पच झाली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘पोरी, माह्या मायचं नाव आजलोक कोणी पुसलंच नव्हतं वं!’’ दुसऱ्या दिवशी वहीत पाच आज्यांची नावं होती, माहेरच्या गावांसकट.

तर मित्रांनो, या रविवारी टीव्ही बंद करा. वही-पेन्सिल घ्या आणि आजीपाशी बसा. आजी दूर असेल तर फोन लावा. आई-बाबांनो, तुम्हीही बसा बरं का! वंशावळीत प्रत्येक आजोबांच्या शेजारी आजीचं नाव, तिचं माहेर आणि तिची एक आठवण लिहा.

मग, कुणाची वही आधी भरते ते पाहू या!