जुन्या पिकअपला पॉवर ब्रेक बसवताय? आधी हे समजून घ्या

सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर या पट्ट्यात जुन्या जीप आणि पिकअप अजून रोजी-रोटी कमावतात. कापसाचा सीझन असो की बाजाराचा दिवस, गाडी भरूनच निघते. इंजिन दणकट असतं, बॉडी पत्र्याची वेल्डिंग करून चालवता येते. पण ब्रेक मात्र जुन्या काळातलेच राहतात. मग कुणीतरी सांगतं, "भाई, बूस्टर टाकून घ्या, काम होऊन जाईल." सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. चुकीच्या पद्धतीने टाकलेला बूस्टर गाडी आणखी धोक्याची करू शकतो.

बूस्टर नेमकं काय करतो?

बूस्टर ब्रेक वाढवत नाही, तो फक्त पायाचा जोर वाढवतो. त्या गोल डब्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला ढकलते. नऊ इंची पडद्यावर असा साधारण पावणेतीनशे किलोचा जोर तयार होतो. पण पुढे लायनर झिजलेले असतील, ड्रमला ऑइल लागलेलं असेल, तर एवढा जोर लावूनही गाडी थांबणार नाही.

डिझेल गाडीची खरी अडचण

पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. बहुतेक डिझेल इंजिनांत तसं होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. पंपाशिवाय बूस्टर म्हणजे रिकामा डबा. पेडल पूर्वीपेक्षाही कडक लागेल. पंपाला ऑइलची लाइन नीट मिळते का, पाइप चिरलेला नाही ना, एकेरी व्हॉल्व्ह हवा धरून ठेवतो का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या.

इथेच एक जीवघेणी सवय सांगायला हवी. डिझेल वाचवायला जिंतूरकडच्या उतारावर काही जण इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद झालं की पंपही बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. चार रुपयांच्या डिझेलसाठी हा सौदा नको.

कामाचा क्रम

१) आधी दुरुस्ती. चारही चाकं खोला. व्हील सिलिंडरची गळती, ड्रम, लायनर, लोखंडी पाइप आणि रबरी होज पाहा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा. गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांच्या छातीचा प्रश्न आहे.

२) मग डबल मास्टर सिलिंडर. जुन्या सिंगल सिलिंडरमध्ये एका चाकाची लाइन फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. डबलमध्ये दोन सर्किट वेगळी असतात. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवायला उरतं. पैसे कमी असतील तर बूस्टरआधी हे करा.

३) त्यानंतर बूस्टर आणि पंप. मास्टर सिलिंडरचा बोअर जुळला पाहिजे. फार मोठा असेल तर पेडल कडक आणि दाब कमी. फार लहान असेल तर पेडल खोल जातं. बूस्टरचा दांडा आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये अगदी थोडी फट हवी. फट नसेल तर ब्रेक धरून राहतो, चाकं तापतात.

४) शेवटी पुढे डिस्क. ड्रमसाठी बनलेल्या काही मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवला तर डिस्क घासत राहते. मागच्या चाकांचा दाब आवरणारा व्हॉल्व्हही हवा, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. म्हणून दोन वर्षांत बदला. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, रबर फुगतं.

घरी करायची तपासणी

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. मग पेडल दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. जागचं हललं नाही तर व्हॅक्यूम पोहोचत नाही. पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे. त्या गाडीला रस्त्यावर काढू नका.

कागदपत्रं आणि भार

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. म्हणून शक्यतो त्याच मॉडेलच्या पुढच्या गाड्यांना कंपनीने दिलेले पार्ट घ्या, काम काढण्याआधी परभणीच्या आरटीओ कार्यालयात विचारा, बिलं जपून ठेवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतंच.

आणि शेवटचं. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. भार वाढला की ब्रेक लवकर तापतात. लग्नाला किंवा परभणीच्या उरुसाला निघताना मालाच्या गाडीत मागे वीस माणसं बसवली, तर सव्वा टनाच्या आसपास वजन झालं. वरून माणसांना धरायला ना सीट, ना पट्टा. मालगाडीत अशी सवारी भरणं बेकायदा तर आहेच, पण अचानक ब्रेक लागला तर बायका-पोरं थेट रस्त्यावर फेकली जातात. तिथे ब्रेक जितका चांगला, झटका तितका मोठा. म्हणून पिकअपचे ब्रेक जरूर सुधारा, पण घरच्या माणसांसाठी एसटी किंवा प्रवासी गाडीच बघा.