‘मिसफिट्स’ : दंडित किशोर आणि अनाहूत सिद्धी

अतिमानवाच्या अमेरिकन चित्रकथांत किशोरवयीन नायकाला स्वतंत्र प्रतिष्ठा प्राप्त झाली ती प्रामुख्याने १९६० नंतरच्या दशकात. १९६२ साली स्टॅन ली व स्टीव्ह डिटको ह्यांनी ‘स्पायडर-मॅन’ निर्माण केला. १९६३ साली ली व जॅक कर्बी ह्यांचे ‘एक्स-मेन’ अवतरले. ह्या कथांनी दोन गृहीतकृत्ये रूढ केली. शक्तीबरोबर कर्तव्य येते, हे पहिले. आणि त्या शक्तीला वळण लावणारा कोणी गुरू, एखादी संस्था किंवा निदान अंतःकरणातील टोचणी तरी उपलब्ध असते, हे दुसरे. हॉवर्ड ओव्हरमन ह्यांनी निर्मिलेल्या ‘मिसफिट्स’ ह्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेने ही दोन्ही गृहीतकृत्ये काढून घेतली. ती काढून घेतल्यावर काय उरते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही मालिका ‘ई४’ ह्या वाहिनीवर १२ नोव्हेंबर २००९ पासून ११ डिसेंबर २०१३ पर्यंत पाच पर्वांत दाखविली गेली. तिचे एकूण ३७ भाग आहेत. २०१० साली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा बाफ्टा पुरस्कार तिला मिळाला. कथेचा आरंभ साधा आहे. किरकोळ गुन्ह्यांबद्दल सामाजिक सेवेची शिक्षा झालेली, किशोरवय सरत आलेली पाच मुलेमुली एका समाजमंदिरात कामाला येतात. पहिल्याच दिवशी अकस्मात वादळ होते, मोठमोठ्या गारा पडतात, आणि विजेच्या लोळातून वाचलेल्या ह्या पाचांना अलौकिक शक्ती प्राप्त होतात. शक्ती त्यांच्या देखरेखीवरील प्रोबेशन अधिकाऱ्यालाही मिळते. पण तिने तो हिंस्र होऊन त्यांच्याच जिवावर उठतो. स्वसंरक्षणार्थ ते त्याला ठार करतात आणि त्याचे प्रेत उड्डाणपुलाखाली पुरून टाकतात. अतिमानवांचे पहिले सामुदायिक कृत्य लोकरक्षणाचे नसून पुरावा नष्ट करण्याचे असावे, ह्यातच मालिकेच्या कृष्णविनोदाची जात कळून येते.

ह्या शक्तींचे वाटप मात्र यादृच्छिक नाही. लोक आपल्याविषयी काय म्हणतात ह्या विचाराने सदैव चिडलेल्या केलीला दुसऱ्यांच्या मनातले ऐकू येऊ लागते. ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही तो सायमन अदृश्य होतो. अमली पदार्थ बाळगल्यामुळे धावपटू म्हणून असलेले उज्ज्वल भवितव्य गमावलेला कर्टिस पश्चात्तापाच्या तीव्र क्षणी काळ मागे नेऊ शकतो. आपल्या आकर्षकतेवर विसंबलेल्या अलिशाचा नुसता स्पर्श समोरच्याला कामांध करतो. पाचवा नाथन. हा अखंड बडबड्या, आईने घराबाहेर काढलेला. आपल्याला कोणती शक्ती मिळाली हे त्याला पहिले पर्व संपेपर्यंत कळत नाही.

आपल्या पुराणांतील सिद्धींशी ह्या शक्तींची तुलना केल्यास त्यांचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे वर तपश्चर्येने मिळतो. भस्मासुराचा वरदेखील कमावलेला असतो; तो त्याच्याच डोक्यावर उलटतो, हा पुढचा भाग. येथे कमाईच नाही, आणि वर व शाप असा भेदही नाही. स्वभावातील जी उणीव आजवर झाकता येत होती ती शरीराबाहेर येऊन उभी राहते, एवढेच घडते. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात कर्टिस आपल्या चुकीचा दिवस पुनःपुन्हा दुरुस्त करू पाहतो. परंतु तो दिवस निर्दोष झाला की त्याला शिक्षा होत नाही, वादळाच्या वेळी तो तेथे नसतो, आणि ते त्याच्या सोबत्यांच्या जिवावर बेतते. अखेर सोबत्यांसाठी त्याला स्वतःची शिक्षा परत मागून घ्यावी लागते. ‘पहिल्यापासून सुरुवात करू’ ही सुधारगृहांची आवडती कल्पना येथे विनोदाच्या अंगाने पण गंभीरपणे तपासली गेली आहे.

ह्या विनोदाला एक सामाजिक संदर्भ आहे. १९९८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये समाजविघातक वर्तनाविरुद्ध विशेष आदेश काढण्याची तरतूद झाली. २००५ साली केंटमधील ब्लूवॉटर ह्या बाजारसंकुलाने डोके झाकणारी टोपी असलेल्या सदऱ्यांवर बंदी घातली. डिसेंबर २००८ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सामाजिक सेवेची शिक्षा भोगणाऱ्यांना ठळक नारिंगी जाकिटे घालावी लागली. हेतू हा की, शिक्षा लोकांच्या डोळ्यांना दिसावी. त्यानंतर वर्षभरात आलेल्या ह्या मालिकेतील पाचही जण नारिंगी गणवेशात वावरतात. हे लोकांना दिसावेत अशी व्यवस्था आहे, पण त्यांच्यात झालेला बदल कोणाही अधिकाऱ्याला दिसत नाही. शक्ती आल्या तरी बाकांना रंग देणे आणि कचरा वेचणे चालूच राहते. दुसऱ्या पर्वाअखेरच्या नाताळच्या भागात तर ते आपल्या शक्ती रोख पैशांना विकून टाकतात.

चित्रीकरणाचे स्थळही अर्थपूर्ण आहे. आग्नेय लंडनमधील थेम्समीड ही काँक्रीटची वसाहत १९६० नंतरच्या दशकात आदर्श नगर म्हणून वसविण्यात आली. स्टॅन्ली क्यूब्रिक ह्यांच्या १९७१ मधील ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ह्या चित्रपटातील काही दृश्ये येथेच चित्रित झाली. गुन्हेगार तरुणाला बळाने सज्जन केले, तर त्या सज्जनपणाला काय किंमत, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. रेचेल नावाच्या मुलीला आपल्या वाणीने इतरांना सद्वर्तनी करण्याची शक्ती मिळालेली असते. वसाहतीतील तरुण एकामागून एक नीटनेटके, नम्र व निर्व्यसनी होत जातात. नायकांपैकीही बहुतेक त्यांत सामील होतात. वडीलधाऱ्यांना हवी असलेली पिढी अखेर तयार होते, आणि तीच ह्या भागातील भयाची वस्तू ठरते. तिच्याविरुद्ध नाथन गच्चीवरून भाषण करतो. तारुण्याला चुका करण्याचा हक्क आहे, हे त्याचे प्रतिपादन. पण ते अशा मुखातून येते की, त्यावर सर्वस्वी विश्वास ठेवणे कठीण जावे. झटापटीत दोघेही खाली कोसळतात. कुंपणाच्या लोखंडी सुळ्यावर पडून नाथन मरतो. आणि दफनानंतर शवपेटीत जागा झाल्यावर त्याला उमगते की, अमरत्व हीच आपली शक्ती. तिचा पहिला अनुभव जमिनीखाली कोंडले जाण्याचा असतो.

मालिकेचा एक दोषही नोंदविणे आवश्यक आहे. अलिशाच्या शक्तीमुळे दुसऱ्याची संमती नाहीशी होते, तसेच तिच्यावरही बळजबरीचे प्रसंग ओढवतात. असे असता आरंभीच्या भागांत ह्या प्रसंगांकडे बऱ्याच अंशी थट्टेच्या नजरेने पाहिले गेले आहे. इतरत्र जो विनोद बलवानांच्या दृष्टीतील आंधळेपणा उघड करतो, तोच येथे स्वतः आंधळा होतो. दुसऱ्या पर्वात अलिशा व सायमन ह्यांच्या प्रेमकथेने ही उणीव काही प्रमाणात भरून निघते, सर्वस्वी नव्हे.

तथापि ह्या मालिकेने किशोरांविषयीची दोन प्रचलित मते एकाच वेळी नाकारली, हे तिचे कार्य मान्य करावे लागते. कायद्याच्या दृष्टीने ही मुले उपद्रवी होती आणि अतिमानवकथेच्या परंपरेने त्यांना निवडलेले वीर ठरविले असते. मालिका त्यांना ह्या दोन्ही पदांपासून दूर ठेवते. एकमेकांना सांभाळण्यापलीकडे कोणतेही मोठे कार्य ती त्यांच्यावर आरंभी सोपवीत नाही, आणि ज्यांना कोणीच सांभाळले नव्हते त्यांनी एवढे करणे हे काही थोडे नव्हे, असे तिचे म्हणणे दिसते.