‘मिल्क थिसल’च्या गोळ्या : गुण, मर्यादा व सावधगिरी

यकृत सुधारावें म्हणून ‘मिल्क थिसल’ नामक वनस्पतीच्या गोळ्या हल्लीं औषधांच्या दुकानांत मिळतात. कावीळ झाली किंवा दारूनें यकृत बिघडलें म्हणजे कित्येक लोक त्या आपल्याच विचारानें घेऊं लागतात. ह्या गोळ्यांचा गुण किती व त्या घेतांना कोणती काळजी घ्यावी, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हें झाड मूळचें भूमध्य समुद्राच्या कांठचें असून तें करडईच्या कुळांतील आहे. पानें काटेरी, त्यांच्या शिरांवर दुधासारखे पांढरे पट्टे, व फूल जांभळें. औषधी अंश मुख्यतः बियांत असतो; त्यास ‘सिलिमारिन’ म्हणतात.

हा अंश यकृताच्या पेशींत कांहीं विषें शिरूं देत नाहीं. म्हणून युरोपांत विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्यास त्यांतील ‘सिलिबिनिन’ हें द्रव्य इस्पितळांत शिरेंतून देतात. परंतु ह्यावरून गोळीचा गुण तितकाच मानणें चुकीचें होईल. ‘सी’ जातीच्या यकृतदाहाच्या ज्या रोग्यांस आधींच्या उपचारांनीं गुण आला नव्हता, त्यांस अमेरिकेंत मोठ्या मात्रेंत सिलिमारिन देऊन पाहिलें. पण २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षां अधिक उपयोग दिसला नाहीं. दारूनें झालेल्या विकारांतही पुरावा संमिश्र आहे. तेथें दारू सोडणें हाच मुख्य उपाय होय.

वैद्यकीय सल्ल्यानें गोळ्या घ्यावयाच्या झाल्यास सामान्य मात्रा १४० मिलिग्रॅम सिलिमारिन दिवसांतून तीन वेळां अशी असते. वेष्टनावर अर्काचें वजन व सिलिमारिनचें प्रमाण हीं दोन्ही पाहावीं. दोन्ही एक नव्हेत. हा अंश पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, म्हणून बियांचा काढा करून विशेष लाभ नाहीं. मळमळ, पोट फुगणें, ढाळ होणें असे त्रास कोणाकोणास होतात. गाजरगवत, शेवंती ह्यांनीं ज्यांच्या अंगास खाज सुटते त्यांनीं जपून राहावें, कारण हीं सर्व एकाच कुळांतील आहेत. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांची रक्तांतील साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत.

शेतकऱ्यांस दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. आपल्या बांधावरील पिवळा धोत्रा ह्या झाडाच्याही काटेरी पानांवर पांढुरक्या शिरा असतात. परंतु त्याचें फूल पिवळें, चीक पिवळा व बीं मोहरीसारखें बारीक काळें असतें. तें बीं विषारी आहे. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत त्याच्या तेलाची भेसळ झाल्यानें जलोदरासारख्या सुजेचा आजार पसरून कित्येक माणसें दगावलीं. नामसादृश्य वा रूपसादृश्य पाहून रानांतील बीं औषध म्हणून खाऊं नये. दुसरें असें कीं, मिल्क थिसलच्या हिरव्या पाल्यांत नायट्रेट सांचतें, व तो खाल्ल्यानें परदेशांत गुरें व मेंढ्या मेल्या आहेत. तेव्हां औषधी झाड म्हणून त्याचा पाला जनावरांस घालूं नये.

कावीळ हें लक्षण आहे. तिचें कारण रक्त तपासल्यावांचून कळत नाहीं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळ्यांवर आठवडे न दवडतां प्रथम डॉक्टर गांठावा, हेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.