मराठी शोधप्रबंधाची अक्षरजुळणी आणि लाटेक प्रणाली

प्रस्तावना

मराठी माध्यमातून लिहिल्या जाणाऱ्या शोधप्रबंधाच्या आशयाची जेवढी चर्चा होते, तेवढी तो कोणत्या स्वरूपात जतन होणार याची होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध उपलब्ध होऊ लागले. परंतु मराठीतील कितीतरी लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेले आहे. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी अक्षरांची केवळ चित्रे बसविलेली असतात. फाँट उपलब्ध असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो. फाँट नसेल तर त्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरते. पीडीएफ प्रत डोळ्यांना वाचता येते, पण तीत एखादा मराठी शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही. ग्रंथालयाच्या दृष्टीने असा प्रबंध असून नसल्यासारखाच होय.

या प्रश्नावर लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली कितपत उपयुक्त ठरते आणि तिच्या साहाय्याने मराठी दस्तऐवज कसा सिद्ध करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणितज्ञ व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहावयास मिळाली. खिळ्यांच्या जुळणीची जागा तोपर्यंत प्रकाशजुळणीने घेतली होती आणि तिचा दर्जा त्यांना असमाधानकारक वाटला. त्यातून त्यांनी 'टेक' ही प्रणाली निर्माण केली. परिच्छेदातील ओळी एकेक करून न तोडता संपूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार करून तोडणे, हे तिचे वैशिष्ट्य. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारलेली 'लाटेक' ही सुलभ आज्ञावली रचली. क्नूथ यांनी १९९० मध्ये टेकमध्ये यापुढे नवी भर घालणार नसल्याचे, केवळ दोष दुरुस्त करणार असल्याचे जाहीर केले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा आवृत्तीक्रमांक 'पाय' या गणिती संख्येच्या जवळ सरकतो. ही गंमत वाटली तरी तीमागे स्थैर्याचा आग्रह आहे.

देवनागरीसाठी फ्रान्स फेल्थुइस यांनी १९९१ मध्ये केलेल्या योजनेत मजकूर रोमन लिप्यंतरात टंकित करून नंतर रूपांतरित करावा लागे. जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक' या २००४ मधील आवृत्तीने युनिकोड मजकूर व संगणकावरील फाँट थेट वापरण्याची सोय केली. मराठी अभ्यासकासाठी लाटेकचा व्यवहार्य उपयोग खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

प्रणालीची स्थापना

'टेक लाइव्ह' हा संच सर्व प्रमुख संगणकप्रणालींवर विनामूल्य मिळतो. विंडोजवर 'मिकटेक' हाही पर्याय आहे. टेक लाइव्हचा संपूर्ण संच काही गिगाबाइट जागा घेतो. महाविद्यालयातील संथ इंटरनेटचा विचार करता तो एकदाच उतरवून विभागातील सर्व संगणकांवर बसविणे सोयीचे. ज्यांना काहीच बसवावयाचे नाही त्यांना 'ओव्हरलीफ' या संकेतस्थळावर काम करता येते. मात्र तेथे कंपायलर म्हणून झीलाटेक निवडण्यास विसरू नये. फाँट म्हणून आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' किंवा 'नोटो सेरिफ देवनागरी' विनामूल्य उपलब्ध आहेत.

मूळ धारिकेची रचना

लाटेकची मूळ धारिका ही साधी मजकुराची धारिका असते. आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात आणि प्रत्येक आज्ञेच्या आरंभी उलटी तिरपी रेष येते. येथे केवळ त्यांचे उच्चार दिले आहेत. पहिल्या ओळीत 'डॉक्युमेंटक्लास' या आज्ञेने लेख, अहवाल किंवा ग्रंथ असा प्रकार सांगितला जातो. त्यानंतर फाँटसाठी 'फाँटस्पेक' व भाषेसाठी 'पॉलिग्लॉसिया' ही पॅकेजे जोडावीत आणि मुख्य भाषा मराठी असल्याचे सांगावे. त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम मराठीनुसार होतात. फाँट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे नमूद करणे अत्यावश्यक आहे. ते न केल्यास जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते. भाषेचा उल्लेखही निरुपयोगी नाही. फाँटमध्ये सोय असल्यास त्यामुळे 'श' आणि 'ल' यांची हिंदी वळणे जाऊन मराठी वळणे येतात.

प्रकरणाचे शीर्षक टंकित करताना लेखक अक्षर मोठे किंवा ठळक करीत नाही. 'हे प्रकरणाचे शीर्षक आहे' एवढेच सांगतो. पाचशे पानांच्या प्रबंधात मार्गदर्शकांनी शीर्षकांचे रूप बदलावयास सांगितले, तर बदल एकाच ठिकाणी करावा लागतो.

कंपाइल करण्याची प्रक्रिया

मूळ धारिकेवरून पीडीएफ तयार करण्याच्या क्रियेस कंपाइल करणे म्हणतात. नवशिक्या अभ्यासकाचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, कारण एकदा कंपाइल करून काम पुरे होत नाही. पहिल्या फेरीत अनुक्रमणिका रिकामी राहते आणि संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. हा दोष नव्हे. कोणते प्रकरण कोणत्या पानावर आले हे प्रणालीला पाने जुळल्यावरच कळते; ती माहिती ती एका साहाय्यक धारिकेत नोंदविते आणि पुढील फेरीत वाचते. संदर्भसूची असल्यास क्रम असा : झीलाटेक, मग सूची सिद्ध करणारा 'बायबर', आणि पुन्हा दोनदा झीलाटेक. 'लेटेकएमके' ही आज्ञा आवश्यक तेवढ्या फेऱ्या आपोआप पूर्ण करते.

संदर्भसूचीसाठी जुन्या 'बिबटेक'ऐवजी बायबर वापरण्यास सबळ कारण आहे. बिबटेकला युनिकोडचा वर्णक्रम समजत नाही. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची स्थाने तर त्याहून वेगळी. बायबरला मराठी वर्णक्रम सांगता येतो.

चूक झाल्यास कंपाइल थांबते आणि ओळीचा क्रमांक दाखविला जातो. अशी चूक त्रासदायक असली तरी ती निदान दिसते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा. लाटेकमध्ये टक्केचिन्हानंतरचा त्या ओळीतील मजकूर टीप मानून वगळला जातो. 'पाहणीतील ४५% विद्यार्थिनी प्रथम पिढीच्या शिकणाऱ्या आहेत' असे लिहिल्यास छापील पानावर 'पाहणीतील ४५' एवढेच उरते आणि कोणताही इशारा मिळत नाही. सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधात हे किती महाग पडेल हे सांगावयास नको. चिन्हाआधी उलटी तिरपी रेष दिली की ते मजकुराचा भाग होते.

मराठी लेखनातील विशेष बाबी

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मराठीला आवश्यक आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : नुक्ता असलेला 'ऱ' व हलन्त घेऊन, अथवा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेताना मात्र ते भिन्न ठरतात. संपूर्ण प्रबंधात एकच पद्धत ठेवावी. मूळ धारिका साधा मजकूर असल्याने हा बदल शोध-बदल सुविधेने काही क्षणांत करता येतो.

पीडीएफविषयीही थोडी सावधगिरी हवी. पीडीएफमध्ये अक्षरचिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठविली जातात. 'शिक्षण' या शब्दात वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून नक्कल केलेला मजकूर काही वेळा विस्कटतो. केवळ युनिकोड वापरल्याने हा दोष पूर्ण नाहीसा होत नाही. झीटेकमध्ये प्रत्येक शब्दासोबत त्याचा मूळ मजकूर पीडीएफमध्ये नोंदविण्याची आज्ञा आहे. ती आरंभीच द्यावी. तरीही सर्वांत विश्वसनीय प्रत मूळ धारिकाच. एका पानाच्या सूचनापत्रासाठी हा खटाटोप कोणी करू नये, तेथे शब्दप्रक्रियक पुरेसा आहे. प्रबंधाच्या बाबतीत मात्र विभागाने ग्रंथालयाकडे पीडीएफबरोबर मूळ धारिका, संदर्भांची धारिका, चित्रे आणि वापरलेल्या फाँटची प्रतही जमा करावी, म्हणजे पुढील अभ्यासकाला तो पुन्हा कंपाइल करता येईल.