परमुलखाच्या रीती शिकवणारी माणसे

बैलबाजारात रुमालाखाली हात घालून चाललेला सौदा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दलाल बोटे दाबतो, शेतकरी मान हलवतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नाही. ही बोटांची भाषा कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. बापाबरोबर चार बाजार केले की पोराला ती येते. पण एखादा एम. ए. झालेला शहरी माणूस तिथे उभा केला, तर तो नुसता बघत राहील. त्याची अक्कल कमी असते असे नाही. त्याला तिथली रीत ठाऊक नसते, एवढेच.

अशा न लिहिलेल्या रीती प्रत्येक मुलखाच्या असतात. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून परदेशी कंपन्यांची कामे करणारी हजारो माणसे रोज ये-जा करतात. त्यांत आपल्या गावांतून शिकून गेलेली मुले-मुलीही आहेत. परदेशी माणसाशी काम करताना गैरसमज होऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना तयार करणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याला ‘आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण’ असे जड नाव आहे, पण काम समजायला सोपे आहे.

उगम शेतीपासून फार दूर नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने अनेक देशांत शेती, आरोग्य आणि बांधकामाचे तज्ज्ञ पाठवायला सुरुवात केली. माणसे आपल्या विषयात हुशार असत, पण परक्या देशातल्या लोकांशी त्यांचे सूत जुळत नसे. म्हणून १९५० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या सरकारी संस्थेत एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे या तज्ज्ञांना तयार करण्याचे काम आले. वेळ पाळणे, बोलताना किती अंतरावर उभे राहणे, गप्प बसणे, यांतूनही माणूस बोलत असतो, हे त्याने दाखवून दिले. १९५९ साली त्याचे ‘द सायलेंट लँग्वेज’ म्हणजे ‘मूक भाषा’ हे पुस्तक निघाले. या व्यवसायाचा पाया तिथे घातला गेला.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यालाही अमेरिकेचे साहाय्य होते. त्यातून गावोगाव ग्रामसेवक आले. सरकारी कागदाची भाषा गावाला आणि गावाची अडचण सरकारला समजावून सांगणारा तो मधला माणूस. उपनगरातले हे प्रशिक्षक म्हणजे एका अर्थी त्याच जातकुळीची माणसे.

अंधेरीला १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरुवात झाली, पुढे संगणकाची आणि दागिन्यांची कामे आली. २००० सालानंतर मालाड आणि पवई भागात परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारी कार्यालये वाढली. तेव्हापासून या प्रशिक्षणाची गरजही वाढत गेली.

‘बघू’ म्हणजे हो की नाही?

अशा तुकडीत चार-सहा माणसे असली तरी काम चालते. एखादा भाषा शिकवणारा, एखादी त्या देशात राहून आलेली, एकजण कंपन्यांकडून कामे आणणारा. वर्गाआधी ते कंपनीतल्या माणसांशी बोलून नेमके कुठे अडते ते काढतात. मग पंधरा-वीस जणांना बसवून प्रसंग करून दाखवायला लावतात. कोण परदेशी साहेब होतो, कोण आपला इंजिनियर होतो. हसत-खेळत चालते, पण मुद्दा खरा असतो.

नेहमी निघणारी गोष्ट म्हणजे आपली ‘बघू’. शेजाऱ्याने पाण्याच्या पाळीसाठी मोटार मागितली आणि आपण ‘बघू’ म्हणालो, की त्याला कळते, आज काही मिळत नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणून कोणाला दुखवू नये, ही आपली रीत. हाच शब्द इंग्रजीत करून आपला मुलगा जर्मन साहेबाला सांगतो. साहेब समजतो, हा खरोखरच बघणार आहे. तो शुक्रवारपर्यंत वाट पाहतो. काम झालेले नसते. मग हा मुलगा खोटारडा ठरतो, आणि इकडे मुलाला वाटते, मी तर आधीच सांगितले होते! दोघेही प्रामाणिक, तरी भांडण उभे राहते. म्हणून वर्गात शिकवतात ते असे: “शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी देतो,” हे आधीच सांगावे. तिकडे त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत, भरवसा म्हणतात.

दुसरी गोष्ट ‘साहेबां’ची. नेदरलँडचे गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या नोकरांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका भरून घेतल्या आणि १९८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठ यांतले अंतर लोक किती मुकाट्याने मान्य करतात, याचे त्यांनी गुण दिले. भारताचे ७७, अमेरिकेचे ४० आणि जर्मनीचे ३५ आले. म्हणजे साहेबाची चूक दिसली तरी आपला मुलगा गप्प बसण्याचा संभव जास्त. तिकडचा साहेब मात्र म्हणतो, दिसत होते तर बोलला का नाहीस? अर्थात हे आकडे सरासरीचे आहेत. तालुक्याचा सरासरी पाऊस सांगून तुमच्या शेतात किती पडला ते कळत नाही, तसेच हे.

शिकायचे दोघांनीही

चांगले प्रशिक्षक परदेशी माणसालाही बाकावर बसवतात. समजा, एखाद्या मुलाने वर्षात तीनदा भावाच्या लग्नासाठी रजा मागितली. परदेशी साहेबाला वाटते, हा थापा मारतो. त्याला सांगावे लागते, की मराठीत चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ हे सगळे भाऊच, आणि चुलत्याच्या घरचे कार्य म्हणजे घरचेच कार्य. भात लावणीला किंवा गौरी-गणपतीला माणूस गावी का जातो, दहाव्या-तेराव्याला गैरहजर राहणे का शोभत नाही, हेही सांगावे लागते. हे कळले की साहेब कामाची आखणी आधीच बदलतो आणि कोणाला रजेसाठी खोटे बोलावे लागत नाही.

आपल्याकडून जगाने शिकल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. १८९० साली सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या कामात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली शेतकरी घरांची माणसे मोठ्या संख्येने आहेत. २००३ साली ब्रिटनचे त्या वेळचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेट स्टेशनला येऊन भेटले, आणि २००५ साली त्यांच्या लग्नाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले. या कमी शिकलेल्या माणसांनी मोठमोठ्या व्यवस्थापन संस्थांत व्याख्याने दिली आहेत. तेव्हा परक्याची रीत शिकणे म्हणजे आपली टाकणे नव्हे.

दिवस कसा जातो

हे काम बाहेरून थंडगार खोलीतले दिसते, पण ओढाताण बरीच आहे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. अमेरिकेशी बोलायचे तर रात्र कामात जाते. जर्मनीशी काम असले तर दुपारी भागते. प्रशिक्षकालाही या वेळा सांभाळाव्या लागतात. मुलुंडच्या माणसाचा वर्ग अंधेरीला असला, तर घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे २०१४ साली सुरू झालेली मेट्रो. पुष्कळदा मोबदला वर्गाच्या दिवसावर ठरतो. मंदी आली की कंपन्या पहिली काटछाट प्रशिक्षणात करतात. २०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले आणि सगळे पडद्यावरून शिकवावे लागले. समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे हेच ज्यांचे काम, त्यांना ते जड गेले असल्यास नवल नाही.

या व्यवसायात एक खोटही आहे. काही वेळा कंपनीचा दोष ‘संस्कृती’च्या नावावर खपवला जातो. माणसे कमी, काम दुप्पट, रात्रपाळी लागोपाठ, आणि वर सांगायचे की आपल्या लोकांना परदेशी शिस्त जमत नाही! हा रीतीभातीचा प्रश्न नव्हे, हा मजुरीचा आणि विश्रांतीचा प्रश्न आहे. प्रामाणिक प्रशिक्षक हे मालकाला तोंडावर सांगतो. तो स्वतःच ‘बघू’ म्हणाला तर त्याच्या शिकवण्याला अर्थ राहात नाही.

घरच्यांनी काय पाहावे

मुलगी अशा कार्यालयात असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

आता हा प्रश्न उपनगरापुरता राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि दहा हजार तरुणांचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर झाला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशी कामे त्यात आहेत. अशा कामासाठी जर्मन भाषा तर हवीच, पण ‘नाही’ स्पष्ट म्हणणे, वेळेआधी पाच मिनिटे हजर असणे आणि न समजलेले लगेच विचारणे याही सवयी लागतात. त्या विमानतळावर शिकता येत नाहीत, घरापासून लावाव्या लागतात.

परदेशी नोकरीच्या नावाने कोणी एजंट दारात आला, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. करार लेखी घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा, आणि पावतीशिवाय पैसा देऊ नये. जमीन गहाण टाकण्याआधी तर दहादा विचार करावा.

आणि मुलाने घरी आल्यावर, “अण्णा, हे मला जमणार नाही,” असे स्पष्ट सांगितले तर लगेच रागावू नका. शहराने त्याला उर्मट केले असे समजू नका. तो मोठ्यांचा मान ठेवूनही खरे बोलायला शिकत असेल. ही रीत आपल्या घरातही थोडी रुजली, तर नुकसान काहीच नाही.