पाट्यांचा अंमल

अमेरिकेतील हलक्या विमानांचा इतिहास सांगू लागले की इंजिनांच्या अश्वशक्तीचे आणि विक्रमी उड्डाणांचे गोडवे गाइले जातात. परंतु त्या विमानांच्या आतबाहेर डकवलेल्या चिमुकल्या पाट्यांकडे, जुने विमान रंगवून नवे करावयास काढणारा मालक आणि त्याचा मिस्तरी यांच्याखेरीज, सहसा कोणी ढुंकून पाहत नाही.

1938 साली सरकारी मान्यतेची सनद मिळालेल्या पायपर जे-3 कबमध्ये आसने दोन, एकामागे एक, आणि इंधनाची टाकी पुढे नाकाशी; एकटा वैमानिक पुढे बसल्यास भारमध्य पुढे सरकेल, म्हणून ‘एकट्याने उडवताना मागील आसनावरूनच’ हा हुकूम तेथे पाटीवर कायम झाला. 1955 च्या नोव्हेंबरात सनद पावलेल्या सेस्ना 172 च्या पाट्यांत तर मागाहूनही भर पडत गेली; पाच हजार फुटांवरील प्रवासाची उंची गाठताच इंधन तत्काळ एकाच टाकीवर घ्यावे, ही पाटी जुन्या 172 वर पुढे सरकारी आज्ञेने आली.

1 मार्च 1979 पूर्वी आकाशात गेलेल्या पुष्कळ विमानांना मंजूर उड्डाणपुस्तिकेची सक्ती नसल्यामुळे, या पाट्या आणि तबकड्यांवरील रंगीत खुणा हाच त्यांच्या मर्यादांचा अधिकृत दस्तऐवज ठरला, आणि रंगाऱ्याने एक पाटी रंगाखाली गाडली तरी ते विमान कायद्याने उड्डाणास अपात्र होते.

पाटी सुवाच्य असावी, सहज पुसली वा झाकली जाऊ नये, एवढीच कायद्याची अपेक्षा. अक्षरांचे मूळ वळणच हवे हा हट्ट शौकिनांचा, आणि तो निरुपद्रवी आहे. घातक आहे ती एककांची गल्लत. 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास सेस्नाने मैल सोडून नॉट धरले. साठीतल्या 172 मध्ये फ्लॅप उतरवण्याची मर्यादा ताशी 100 मैल होती, आणि तीच पाटी ठेवून शेजारी नॉटची तबकडी बसविली, तर काटा शंभरावर असता प्रत्यक्ष वेग ताशी 115 मैल झालेला असतो.

तेव्हा ज्यांच्याकडे असे विमान असेल, त्यांनी ते रंगास देण्यापूर्वी प्रत्येक पाटीचे छायाचित्र घ्यावे, सनदेच्या तपशीलपत्रकाशी व नंतरच्या सरकारी आज्ञांशी ताडून पाहावे, आणि मगच खरवडणी हाती धरावी.