‘इल सोर्पासो’चा रस्ता

सिनेमाची चित्रीकरणस्थळं पाहायला निघालेला माणूस सहसा एका ठिकाणी जातो. ‘ला दोल्चे व्हिता’साठी रोममधल्या त्रेव्ही कारंज्यापाशी, ‘रोमन हॉलिडे’साठी स्पॅनिश पायऱ्यांवर. दिनो रिझी यांच्या ‘इल सोर्पासो’ (१९६२) या चित्रपटाला ही रीत लागू पडत नाही. त्याची स्थळं नावानिशी सांगता येतात: रोममधली बाल्दुईना ही वस्ती, चिवितावेक्कियाचं बंदर, टस्कनीच्या किनाऱ्यावरचं कास्तिल्योन्चेल्लो, लिव्होर्नोजवळचा कालाफुरियाचा कडा. पण ती सुटी सुटी पाहिली तर हाती फारसं काही लागत नाही. त्यांना जोडणारा व्हिया आउरेलिया हा रस्ता, त्यावरचा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आणि त्या प्रवासाची दिशा हेच या चित्रपटाचं खरं स्थळ आहे. माझ्या मते चित्रपटाचा विनोद आणि त्याचा भयंकर शेवट, दोन्ही त्या रस्त्याच्या रचनेतूनच निघतात.

कथा दोन दिवसांची. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्या दिवशी शहरं ओस पडतात. व्हित्तोरिओ गासमन यांचा ब्रुनो सिगारेट आणि फोन शोधत रिकाम्या रोममधून गाडी पिटाळतो आहे. दुकानांची शटर्स खाली, बार बंद. बाल्दुईनातल्या एका खिडकीत त्याला रोबेर्तो दिसतो. कायद्याचा अभ्यास करणारा, बुजरा, झाँ-लुई त्रँतिन्याँ यांनी साकारलेला हा तरुण परीक्षेसाठी घरातच बसलेला आहे. फोन करायला म्हणून वर आलेला ब्रुनो त्याला गाडीत घालून नेतो. बाल्दुईना ही महायुद्धानंतर भराभर उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गीय इमारतींची टेकडी. चित्रपटाची सुरुवात एखाद्या प्राचीन चौकात न होता इथे होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या समृद्धीबद्दल रिझी बोलणार आहेत, ती पहिल्या काही मिनिटांतच सिमेंटच्या रूपात समोर येते, आणि तिच्यातली माणसं मात्र सुट्टीला निघून गेलेली असतात.

व्हिया आउरेलिया हा रोमनांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेला मार्ग. रोमहून निघून तो किनारा धरून उत्तरेला जातो. ब्रुनोची गाडी आहे लाँचा आउरेलिया बी-२४; लाँचा कंपनीने युद्धानंतर आपल्या मॉडेलना जुन्या रोमन रस्त्यांची नावं दिली होती, त्यातलंच हे एक. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात ही श्रीमंतांची गाडी होती. चित्रपटात ती पोचे पडलेली, पुट्टी भरलेली दिसते, म्हणजे ऐट शिल्लक आहे आणि डागडुजीला पैसे नाहीत. ब्रुनोही तसाच आहे. त्याच काळात देशाच्या मधून मिलान ते नेपल्स असा ‘आउतोस्त्रादा देल सोले’ हा महामार्ग तयार होत होता. १९५६ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६४ मध्ये पूर्ण झालं. त्यावर जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा वेगळ्या. समजा, ब्रुनो अशा महामार्गावरून गेला असता, तर त्याच्या ओव्हरटेक करण्याला काहीच अर्थ उरला नसता. ‘सोर्पासो’ म्हणजे ओव्हरटेक; चित्रपटाच्या नावातलं ते पुढे जाणं धोक्याचं ठरतं, कारण आउरेलियावर समोरून येणाऱ्याचीच जागा क्षणभर बळकवावी लागते. ब्रुनो तिरपागडा हॉर्न वाजवत एकेकाला मागे टाकतो तेव्हा आपण हसतो. पण प्रत्येक वेळी तो दुसऱ्याच्या वाट्याच्या रस्त्यावर असतो. भरभराटीच्या त्या वर्षांबद्दल रिझी, एत्तोरे स्कोला आणि रुज्जेरो माक्कारी या पटकथाकारांना जे म्हणायचं होतं, ते एका दुपदरी रस्त्याने भाषणाशिवाय सांगितलं.

वाटेतले मुक्कामही याच दृष्टीने पाहावेत. रोबेर्तोच्या काकांचं ग्रामीण घर हा मला चित्रपटाचा सर्वांत निर्दय भाग वाटतो. लहानपणीच्या आठवणींनी रोबेर्तोने ते घर मनात जपलेलं आहे. ब्रुनो तिथे पाऊल टाकतो आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात येतं, की रोबेर्तोचा रुबाबदार चुलतभाऊ प्रत्यक्षात वाड्याच्या कारभाऱ्याचा मुलगा असणार. दोघांच्या लकबीच तशा आहेत. इतक्या वर्षांत रोबेर्तोला जे दिसलं नाही, ते वाटसरूला क्षणात दिसलं. यानंतर रोबेर्तोला परतायला घर उरत नाही, फक्त पुढचा रस्ता उरतो. पुढे कास्तिल्योन्चेल्लो येतं. एकोणिसाव्या शतकात माक्कियाओली चित्रकार इथला उजेड रंगवायला येत; १९६२ पर्यंत तो सुखवस्तूंचा समुद्रकिनारा झाला होता. इथे ब्रुनोची दुरावलेली बायको आणि काथरीन स्पाक यांनी रंगवलेली मुलगी लिली भेटतात. लिली बापाच्या वयाच्या श्रीमंत माणसाशी लग्न करायला निघाली आहे. ब्रुनोचा उत्साह फिका पडतो तो याच एका ठिकाणी.

यात नवं ते काय, खऱ्या रस्त्यांवर कॅमेरा तर नववास्तववाद्यांनी आधीच नेला होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) मध्ये रोमचे रस्ते साक्षीदारच होते. पण ती साक्ष टंचाईची होती. चोरीला गेलेल्या एका सायकलीवर आख्खं कुटुंब अडलं होतं. चौदाच वर्षांनी त्याच शहरातून एक माणूस कुणाचीही वाट न पाहता लाँचा घेऊन सुटतो. रिझींनी पूर्वसूरींची पद्धत घेतली आणि तिला उलट प्रश्न विचारायला लावला: पोट भरल्यावर माणसं कुठे निघाली आहेत? शिवाय आधीच्या सिनेमात माणूस पायी चालत होता म्हणून कॅमेराही रेंगाळत होता. इथे ठिकाणं भुर्रकन मागे पडतात. एत्रुस्कन थडग्यांचा विषयही ब्रुनो उडवून लावतो. सुंदर स्थळांनी भरलेल्या रस्त्यावरून जाऊन त्यातलं काहीही न पाहणारा नायक, हा नववास्तववादात नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रपट म्हणजे जुळवाजुळव; तुकडे हवे तिथे चित्रित करायचे आणि जोडायचे. त्यात शेवट तर म्हणे हवामानावर ठरला. निर्माते मारिओ चेक्की गोरी यांना दुःखान्त नको होता. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर अपघात न चित्रित करताच मुक्काम हलवायचा असं ठरलं आणि ऊन पडलं, ही हकिगत रिझी स्वतः सांगत. मग रस्त्याच्या तर्काला काय किंमत? मला वाटतं, योगायोगाने चित्रीकरणाचा दिवस ठरला असेल. अपघाताची जागा आणि दिशा योगायोगाची नाही. इटलीत वाहनं उजव्या बाजूने चालतात. दक्षिणेकडून उत्तरेला निघालेल्या गाडीच्या डाव्या हाताला समुद्र असतो. म्हणजे कालाफुरियाच्या वळणांवर पुढे जाण्यासाठी जी बाजू घ्यावी लागते, तीच कड्याची. ब्रुनो पहिल्या दिवसापासून जी बाजू घेत आला, तिच्या पलीकडे एवढा वेळ शेत किंवा वाळू होती; इथे खाली खडक आहेत. आता भिडस्त रोबेर्तोच त्याला आणखी जोरात चालवायला सांगतो आहे. समोरून ट्रक येतो. ब्रुनो वाचतो, रोबेर्तो गाडीसह खाली जातो. पोलिसाने विचारल्यावर ब्रुनोला त्याचं आडनावही सांगता येत नाही; ओळख कालचीच. हेच दोघं रोमकडे परतताना दाखवले असते, तर समुद्र त्यांच्या उजव्या हाताला आला असता आणि ओव्हरटेकची बाजू डोंगराची झाली असती. मग हा शेवट असा घडलाच नसता.

आज ग्रोस्सेतोच्या बाजूने रोसिन्यानोपर्यंत आउरेलिया चौपदरी झाला आहे. त्या पट्ट्यात गाडी वेगाने जाते, पण चित्रपटातला रस्ता तिथे भेटत नाही. कास्तिल्योन्चेल्लोच्या उत्तरेला, क्वेर्चानेल्लावरून कालाफुरियाकडे जाणारा कड्यावरचा टप्पा मात्र अजून दुपदरीच आहे. हा चित्रपट जागेवर जाऊन समजून घ्यायचा असेल, तर लिव्होर्नोहून खाली येऊन कड्याचा फोटो काढणं पुरेसं नाही. दक्षिणेकडून, समुद्र डाव्या हाताला ठेवून यावं.